अनुभव धागा : हिमनदीचा कडा समुद्रात कोसळताना

जळगावातली मे महिन्याची दुपार. पडदे ओढून, कूलर लावून अलास्काचे फोटो पाहत बसले आहे. तिथल्या ग्लेशियर बे या खाडीत मार्जरी हिमनदीसमोर आमचं जहाज थांबलं होतं. पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच निळी भिंत. दबून घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला लाल रंग शोषून घेतो, म्हणून हा निळा. पहिला 'कडाड्' ऐकून कॅमेरा उचलला, तर पाण्यात नुसता फेस! अर्ध्या किलोमीटरवरून आवाज यायला दीड सेकंद लागतो, तेवढ्यात कडा खाली. मग कान सोडून डोळे लावले. मोठा तुकडा सुटण्याआधी कधी कधी बारीक खडे गळतात. ते दिसले की बर्स्ट मोडवर (सलग भराभर फोटो निघतात तो) बोट दाबून ठेवायचं. असा एकच फोटो मिळाला, पण मनासारखा. खान्देशातल्या आणखी कुणी हे पाहिलंय का? सविस्तर लिहा.

भुसावळहून
ताई, आम्ही अलास्कातलीच हबर्ड हिमनदी पाहिली. भिंत ११ किलोमीटरच्या आसपास रुंद, कॅमेरा रोखायचा कुठे? मी वैतागलो होतो. आई मात्र कठड्याशी कान देऊन उभी. म्हणाली, "फोडणी तडतडतेय रे." खरंच, तरंगणारे तुकडे मोहरीसारखे तडतडत होते. बर्फात दाबून बसलेली हवा वितळताना फुटून बाहेर पडते. कॅमेरा ठेवला आणि फोनवर तो आवाज रेकॉर्ड केला. माझ्याकडे त्या दिवसाचं सगळ्यात मोलाचं तेच आहे.

धुळ्याहून
माझी हिमनदी अर्जेंटिनातली, पेरितो मोरेनो; ती समुद्राला नाही, सरोवराला मिळते. चालेल ना? तीन तासांत एकच मोठा कडा पडला. फोटो हलला, तरी जपून ठेवलाय.

शिरपूरहून
ताई, मीही मार्जरीच पाहिली. व्हिडिओ वडिलांना दाखवला. ते लगेच म्हणाले, "हाई ते तापीना काठ पडस तसंच शे." आमचं बिघाभर वावर पुरात असंच गेलं : पाणी खालून पोखरतं, वरचा भार अधांतरी राहतो, मग एकदम ढासळतो. बर्फाचंही बरंचसं तसंच. वडिलांनी विचारलं, मागून नवा बर्फ येतो का? म्हटलं, येतो, हिमनदी पुढे सरकत असते. पण १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेला ती जवळजवळ सगळी खाडी बर्फानेच भरलेली दिसली होती. आज तिथे जहाजं शंभरेक किलोमीटर आत जातात. वडिलांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.