मदत हवी आहे: इन्व्हर्टर 'फुल' दाखवतो आणि वीस मिनिटांत बोंबलतो

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असतो, आईबाबा सिंधुदुर्गात गावी. पावसाळ्यात तिकडे लाईट जाते ती कधी तासाने येते, कधी रात्रभर नाही, म्हणून 2021 साली 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला. लोड फार नाही: दोन साधे पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफायचा डबा. नवीन असताना साडेचार-पाच तास आरामात निघायचे. आता हिरवा दिवा लागलेला असतो, म्हणजे चार्जिंग पूर्ण, पण लाईट गेली की वीस मिनिटांत टीं टीं सुरू होतं आणि पाच मिनिटांत अंधार.

दुकानदार म्हणतो, दोन्ही बदला. मला ते पटत नाही. गणपतीला आलोय तोवर मल्टीमीटर घेऊन बसलो. रात्रभर बॅटरी सुटी ठेवून सकाळी मोजली तर 12.3 व्होल्ट. पंखे लावले की दहा मिनिटांत 10.6. पाण्याची पातळी बरोबर आहे, सगळे फ्लोट वर आहेत. टर्मिनलवरचं पांढरं गरम पाण्याने धुतलं, फरक शून्य.

प्रश्न असा, की बिघाड बॅटरीत की इन्व्हर्टरमध्ये? आणि बॅटरी रिकामीच असेल तर इन्व्हर्टर 'फुल' कशाच्या जोरावर म्हणतो?

जुना वायरमन:
इन्व्हर्टरला आत काय आहे ते दिसत नाही, तो फक्त व्होल्टेज बघतो. हंड्याच्या तळाला चिखल साचला की हंडा पटकन काठोकाठ भरतो, पण उपसायला गेलं तर पाणी दोनच तांबे. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. बॅटरी वेळेवर चार्ज झाली तर ते परत विरघळतं, पण अर्धवट चार्जवर दिवसेंदिवस पडून राहिली तर कडक होऊन बसतं. अशा बॅटरीचं व्होल्टेज चार्जिंगला लावल्याबरोबर 14 च्या वर उडी मारतं आणि चार्जर समजतो, झालं काम.

12 व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक जरी बसला तरी बाकीचे पाच त्याच्यामागे रखडतात. तेव्हा एकूण व्होल्टेज सोडा, हायड्रोमीटर (ॲसिड नळीत ओढून त्याची घनता मोजणारं साधन) आणा आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिड किती जड ते, वेगवेगळी लिहून काढा. पूर्ण चार्जला साधारण 1.240 यायला हवी. हातमोजे घाला, आत गंधकाम्ल आहे.

धागाकर्ता:
हायड्रोमीटर तालुक्याला मिळाला. रात्रभर चार्ज करून घेतलेले आकडे, पॉझिटिव्हकडून: 1.225, 1.220, 1.120, 1.230, 1.225, 1.225. तिसऱ्यात काचेच्या नळीतलं पाणी जरा तांबूस गढूळ दिसलं, बाकीच्यांत स्वच्छ.

निवृत्त इंजिनियर:
तिसरा सेल गेला. तुमचं 12.3 त्याच हिशोबात बसतं: ग्रॅव्हिटीत 0.84 मिळवा, सेलचं विश्रांतीतलं व्होल्टेज जवळपास येतं; सहाही सेलची बेरीज 12.3 च्या आसपास. तुमचा लोड दोनशे वॅटच्या आसपास, इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतून वीसेक अँपिअर. कागदावर 150 ला 20 ने भागून साडेसात तास, पण 150 हा आकडा वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने, उपसण्याचा आहे. जोरात उपसलं की कमी मिळतं, म्हणून तुमचे पाच तास योग्यच होते. इन्व्हर्टरला हात लावू नका.

आता खरं सांगा, पाणी कोणतं घालता?

धागाकर्ता:
बाबांना विचारलं. पागोळीचं! पत्र्याच्या पन्हाळीखाली कळशी लावून, फडक्याने गाळून बाटल्या भरून ठेवलेत. वर म्हणतात, "आकाशातला पाणी आसा, ह्याच्यापेक्षा शुद्ध काय गावतला?"

निवृत्त इंजिनियर:
आकाशातून शुद्ध निघालं असेल, पण पत्र्याचा गंज घेऊन खाली आलं. लोखंड आत गेलं की सेल नुसता बसल्या बसल्या डिस्चार्ज होतो. शिवाय तुमच्याकडे समुद्र जवळ, खारं वारं पत्र्यावर बसतं, आणि त्या मिठातलं क्लोराईड प्लेटा खातं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. एसीचं पाणी, आरओचं पाणी, काहीही नको. आणि ग्रॅव्हिटी वाढवायला ॲसिड ओतू नका, उरलेले पाचही जातील.

धागाकर्ता:
एकच सेल बदलून मिळतो का?

जुना वायरमन:
डांबराने बंद केलेल्या बॅटऱ्या होत्या तेव्हा बदलायचो. आता झाकण वितळवून चिकटवलेलं असतं, फोडलं की संपलं. शेवटचा प्रयत्न म्हणून बारा-पंधरा तास सावकाश चार्ज देऊन तिसरा पुन्हा मोजा. फार आशा धरू नका. नवीन घ्याल तेव्हा पंखेही बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. 75 वॅटच्या जागी तीसेक वॅट, त्याच बॅटरीवर रात्र निघेल.

बॅटरी ठेवलीय कुठे?

धागाकर्ता:
देवघराच्या कोपऱ्यात, समईच्या बाजूला.

जुना वायरमन:
अहो, आधी ती हलवा! चार्जिंगला हायड्रोजन निघतो. पडवीत न्या, वारा खेळता हवा.

धागाकर्ता:
हलवली. पंधरा तास चार्ज दिला, तिसरा 1.130 वर अडकलाय. दुकानदाराला फक्त बॅटरी सांगितली, जुनी तो वजनावर घेतोय. बाटल्यांतलं पाणी आईने तुळशीला घातलं. बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.