प्रतिसाद: गिटारच्या तारांची नुसती जाडी बघून चालत नाही
ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा दाखला देऊन 'भरदार टोन हवा तर १३ च्या तारा लावा' (१३ म्हणजे सेटमधली सर्वांत बारीक तार ०.०१३ इंच जाडीची) असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. तो गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा आणि तेवढ्यानेच तारांचा ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. दुसरीकडे झेडझेड टॉप बँडचा बिली गिबन्स ७ च्या तारांवर वाजवतो, त्याचा आवाज कुणाला किरकोळ वाटतो का?

स्केल लेंग्थचा, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा, मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारची २५.५ इंच, गिब्सन लेस पॉलची साधारण २४.७५. सेट तोच, ट्यूनिंग तेच, तरी स्ट्रॅटवर ताण सहाएक टक्के जास्त. म्हणून मी स्ट्रॅटला ९ आणि लेस पॉलला १० लावतो. बेंड करताना (तार आडवी ओढून सूर चढवताना) बोटांना फारसा फरक जाणवत नाही. आणि ९ वरून थेट ११ वर जाणार असाल तर आधी नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तपासून घ्या. खाच अरुंद पडली की ट्यून करताना नटपाशी 'टिंग' वाजतं, बेंड सोडल्यावर तार थोडी उतरलेलीच राहते, आणि आपण उगाच ट्यूनिंग पेग बदलत बसतो. स्ट्रॅटचा ट्रेमोलो (तारा अडकवलेला हलणारा ब्रिज) फ्लोटिंग, म्हणजे स्प्रिंगांच्या ताणावर तरंगता, असेल तर मागच्या स्प्रिंगही आवळाव्या लागतील, नाहीतर ब्रिज पुढे झुकतो.