मदत हवी आहे: चेक टेनिसपटू याना नोवोत्नाचा कोणता सामना दाखवू?

माझी १३ वर्षांची भाची नेटजवळ यायला घाबरते. तिला याना नोवोत्नाचा खेळ दाखवायचाय. यूट्यूबवर शोधलं तर सगळीकडे १९९३ची विम्बल्डन फायनलच: स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ आघाडी, तो डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणं), मग हरल्यावर ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर रडणं. १९९८च्या विम्बल्डन फायनलमध्ये नताली तोझियाला ६-४, ७-६ हरवून ती जिंकली, त्याच्या मात्र तुटक क्लिपाच मिळाल्या. एकहाती स्लाइस (चेंडू कापून मारलेला फटका) मारून ती पुढे कशी येते, व्हॉलीआधी (टप्पा पडायच्या आत मारलेल्या फटक्याआधी) क्षणभर कशी थबकते, हे सलग दिसायला हवं. दुहेरीही चालेल, त्यात तर तिची १२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत! भाची मातीच्या कोर्टवर खेळते, म्हणून फ्रेंच ओपनचा सामना असेल तर उत्तमच. तर कोणत्या सामन्यापासून सुरुवात करू, आणि तो पूर्ण कुठे बघायला मिळेल?