विल्यम्सबर्गला लहान मुलांना न्यावं का? माझं मत: नको

अनघा_आर

आई-बाबा भारतातून आले की अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कॉलनियल विल्यम्सबर्गचा, म्हणजे अठराव्या शतकातलं गाव दाखवणाऱ्या खुल्या संग्रहालयाचा, बेत ठरतोच. माझं मत स्पष्ट आहे: दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊ नये. जागेबद्दल तक्रार नाही. आक्षेप आहे तो जुन्या वेशातली माणसं उभे करतात त्या जिवंत देखाव्यांना.

मुलं तिथे काय बघतात? तीन कोनी टोप्या, ढोल-बासरीची मिरवणूक, लोहाराचा भाता, कॉफीहाउसमधलं घोटभर चॉकलेट. कोर्टाच्या इमारतीसमोर लाकडी खोडा आहे. त्यात मान आणि मनगटं अडकवून, जीभ बाहेर काढून मुलं फोटो काढून घेतात, आणि मागे पुढच्या कुटुंबाची रांग लागलेली असते. त्या काळी व्हर्जिनियात गुलामांवरचे गंभीर खटले ज्यूरीशिवाय चालायचे. १७७५ च्या सुमारास या गावातली निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय होती, त्यातले बहुतेक गुलाम. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात मात्र उरतो तो खोडा आणि फोटो. शिवाय गव्हर्नरचा वाडा १७८१ मध्येच जळाला. आज दिसतो तो १९३० च्या दशकात धनाढ्य रॉकफेलरच्या पैशातून नव्याने उभा केलेला. मोठ्यांना हे सांगितलं की समजतं, लहानांना खरं काय आणि उभारलेलं काय हे कसं कळणार?

माधव_न

अजिबात पटलं नाही. तुम्ही दहा वर्षांची रेघ ओढली आहे, म्हणून ब्रे स्कूलबद्दल सांगतो. १७६० ते १७७४ या काळात विल्यम्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा भरायची. काही मुलं स्वतंत्र, बहुतेक गुलाम. वयं साधारण तीन ते दहा! त्यांच्या नावांच्या काही याद्या आजही उपलब्ध आहेत. शाळेचं लाकडी घर तिथल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच कामासाठी वापरात होतं. ते ओळखू आलं आणि २०२३ मध्ये रस्त्याने हलवून ऐतिहासिक भागात आणलं गेलं.

तीन वर्षांच्या मुलाने ते आयुष्य जगलं, आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीने ते ऐकूही नये? त्या याद्यांतलं एक नाव मुलीला मोठ्याने वाचायला सांगा आणि ही मुलगी तुझ्याएवढीच होती एवढंच म्हणा. पुढचे प्रश्न तीच विचारेल.

अनघा_आर

माधव, त्या शाळेत मुलांना वाचन शिकवायचे हे खरं, पण कशासाठी? चर्चची शिकवण द्यायची आणि मालकाची आज्ञा देवाची इच्छा म्हणून मानायला लावायची. हे आठ वर्षांच्या मुलीला कसं समजावणार? ते गाळून नुसती शाळा दाखवली, तर तीही छान गोष्टच होऊन बसते.

गौरी_स

मी अनघाच्या बाजूने, पण कारण वेगळं. या गावाने १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर केला होता. नागरी हक्क संघटनांनी आधीच जोरदार विरोध केला. कृष्णवर्णीयांचा इतिहास मांडणाऱ्या तिथल्या विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन, स्वतः कृष्णवर्णीय, त्या लिलावात गुलाम स्त्री म्हणून उभ्या राहिल्या. प्रयोग बघून काही विरोधकांचं मत बदललं. धाडस मोठं होतं, मान्य. तरी मला प्रश्न पडतो, की विकली जाणारी बाई भर दुपारी समोर उभी आहे आणि आपण सहलीला आलोय, हे माझ्या मुलाच्या मनात कसं बसेल? मोठ्यांनी बघावं. मुलांना त्यात ओढू नये.

सुधीर_क

तुम्ही सगळे एकाच गावात अडकलात. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ पटक्सेट या अशाच संग्रहालयाला जाऊन बघा. इंग्रजांच्या खेड्यातली मंडळी सतराव्या शतकातलीच असल्यासारखी बोलतात, मोबाईल दाखवला तरी ओळखत नाहीत. शेजारच्या वाम्पानोआग वस्तीत मात्र मूळनिवासी माणसं भूमिका करत नाहीत. पारंपरिक पोशाखात असतात, आणि बोलतात ती आजची माणसं म्हणून: आमच्या पूर्वजांचं असं झालं, आम्ही अजून इथे आहोत. मुलांना हा फरक झटकन कळतो. म्हणजे दोष देखाव्यात नाही. बोलणारा कोण आणि कुठल्या काळातून बोलतोय, त्यावर सगळं ठरतं.

आजोबा_७१

मला तुमच्या वादात एक भर घालायची आहे, कारण अशा सहलीत आम्हा आजी-आजोबांना कोणी विचारत नाही. विल्यम्सबर्गहून यॉर्कटाउन अर्ध्या तासाच्या आत. तिथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, ऑक्टोबर १७८१ मध्ये, ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. पाच वर्षांनी तोच माणूस गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूचे दोन मुलगे त्याने ओलीस घेतले, त्या युद्धात त्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या. आपले मराठे, इंग्रजांच्या बाजूने!

नातवाला मी हे तिथल्या तटबंदीवर उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे इथे हरलेला तिकडे जिंकला?" वय वर्षे नऊ. अनघाबाई, तुमच्या नियमाने तो घरी बसला असता.

आणि त्याला हेही सांगितलं, की १७७५ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर डनमोरने, बंडखोरांच्या गुलामांनी आमच्या फौजेत यावं, मुक्त करू, असा जाहीरनामा काढला होता. पुढे यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न संपत आलं, देवीची साथ पसरली, तेव्हा आश्रयाला आलेल्या अशाच लोकांना कॉर्नवॉलिसच्या छावणीतून हाकलून दिलं. नातू बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "ते गेले कुठे?" कित्येक जण जंगलात मेले, असं मी सांगितलं. खोटं का सांगायचं?

गौरी_स

काका, तुमच्यासारखा सांगणारा बरोबर असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक कुटुंबांत नसतो.

अनघा_आर

काकांचं ऐकून एवढं बदलते: यॉर्कटाउनला नऊ वर्षांच्या मुलाला नक्की न्यावं, तिथे बहुतांश मोकळं मैदान आणि तटबंदी आहे. विल्यम्सबर्गच्या देखाव्यांबद्दल माझं मत कायम. ब्रे स्कूलला जाईन, खोड्यासमोर थांबणार नाही.

माधव_न

खोड्यासमोरच थांबा की. फोटो नको, पण यात कोणाला अडकवायचे आणि कशासाठी, हे तिथल्या वेशधारी माणसाला मुलीसमोर विचारा.