चाहूर हे मापच
'चाहूर म्हणजे नुसतं भरपूर जमीन, नेमकं माप नाही' असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. चाहूर हे जमीन मोजायचं जुनं माप आहे. जुन्या हिशेबात 20 पांड म्हणजे 1 बिघा आणि 120 बिघे म्हणजे 1 चाहूर. बिघा मोजायचा काठीने, आणि शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची. मात्र काठीची लांबी काळाप्रमाणे, मुलखाप्रमाणे बदलायची. त्यामुळे 'एका चाहुराचे एकर किती' याला एकच उत्तर नाही. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

आमच्या घरच्या एका जुन्या मोडी कागदात 'चावर नीम' असं लिहिलंय; चावर म्हणजे चाहूरच. मी आधी ते कडुनिंबाचं झाड समजलो होतो! वाचून देणारे काका हसले, म्हणाले, नीम म्हणजे निम्मं. म्हणजे 60 बिघे. आता सातबाऱ्यावर हेक्टर-आर उरलेत.