राकेश शर्मांसोबतचे ‘ते दोघे रशियन’

राकेश शर्मांना अंतराळात नेणाऱ्या सोयुझ टी-११ या सोव्हिएत यानातले त्यांच्यासोबतचे दोघे रशियन म्हणजे ‘नुसते सारथी’, असं कुणीतरी म्हटलंय. युरी मालिशेव कमांडर होते, त्यामुळे त्यांच्यापुरतं ‘सारथी’ एक वेळ चालेल (‘नुसते’ तेवढं काढा). पण फ्लाइट इंजिनियर गेन्नादी स्त्रेकालोव यांच्याबाबतीत अजिबात पटलं नाही. मुळात ही जागा दुसरे अंतराळवीर रुकाविश्निकोव यांची. ते आजारी पडले म्हणून स्त्रेकालोव आले, आणि आले ते मरणाच्या दारातून परतून.

२६ सप्टेंबर १९८३, बायकोनूरचा सोव्हिएत उड्डाणतळ. स्त्रेकालोव आणि अंतराळवीर व्लादिमिर तितोव एका दुसऱ्या सोयुझ यानात बसलेले, उड्डाणाला दीडेक मिनिट बाकी. एका व्हॉल्व्हने दगा दिला, इंधन सांडलं आणि रॉकेटच्या बुडाशी आग लागली. आगीत केबल्सच जळाल्या, त्यामुळे सुटकेची आज्ञा रेडिओवरून द्यावी लागली. टोकावरच्या बचाव रॉकेटने दोघांची कुपी (कॅप्सूल) उपसून नेली आणि दोनेक सेकंदांत खाली सगळ्याचा स्फोट झाला. १४ ते १७ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितके पट जोर) सोसून दोघे चारेक किलोमीटरवर उतरले. तितोव यांनी पहिलं काम काय केलं, तर कॉकपिटचा व्हॉइस रेकॉर्डर बंद केला, कारण दोघंही शिव्या घालत होते! त्याच वर्षी एप्रिलमधल्या सोयुझ टी-८ मध्येही हे दोघे होते, तेव्हा अँटेना गेल्यामुळे अंतराळ स्थानकाला जोडणी न होताच परतावं लागलं होतं.

तरी ३ एप्रिल १९८४ ला स्त्रेकालोव हा माणूस शर्मांसोबत पुन्हा त्याच तळावरून निघाला. अशोकचक्र मालिशेव आणि स्त्रेकालोव या दोघांनाही मिळालंय बरं का, एकट्या शर्मांना नाही.