क्लासिक ३५० ला पाय पुरत नाहीत, सीट कापून घेऊ का?

पाच_फूट_एक
मंडळी सल्ला पाहिजे. बाबांची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० दारात उभी असते, त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून मीच चालवतो. उंची ५ फूट १, वजन ४८. गाडी पळायला लागली की काय टेन्शन नाही, पन्हाळा दोनदा जाऊन आलो, पण थांबायचं म्हटलं की पोटात गोळा. दोन्ही पाय टाकले तर नुसती बोटं लागतात. परवा गंगावेशीत पुढची रिक्षा कचकन थांबली, मी डावा पाय टाकला तर तिथंच रस्ता खचलेला, गाडी आपली हळूच आडवी. १९५ किलो काय सावरतंय माझ्याच्यानं, दूध कट्ट्यावरची पोरं पळत आली आणि त्यांनी उचलून दिली, लाज गेली ती वेगळीच. आता ओळखीचा एक सीटवाला म्हणतोय २ इंच फोम कापून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. कापू का? गाडी विकून दुसरी घ्यायचा विषय बाबांसमोर काढायचा नाही, एकदा काढून बघितलाय.

विषय_हार्ड
भावा ॲव्हेंजर घे, सीट जमिनीपासून ७३७ मिमी, मांडी घालून चालव 😄

पाच_फूट_एक
भावा नव्हे ताई. "चालवतो" लिहिलं म्हणून फसलास काय, कोल्हापूरची पोरगी हाय. आणि विकायचा विषय नाही असं वर लिहिलंय की रे.

गगनबावडा_रिटर्न
कापू नकोस, निदान तसं तरी कापू नकोस. मी ५ फूट ३ आहे आणि हाच शहाणपणा करून बसलोय. माझ्या सीटवाल्यानं वरून सपाट २ इंच उडवला, दारात बसून बघितलं तर पाय मस्त टेकले, म्हटलं जगात भारी काम झालं. मग गगनबावड्याला निघालो आणि कळे येईपर्यंत खालचा बेस टोचायला लागला, फोम उरलाच नव्हता. त्यात फूटरेस्ट जिथल्या तिथं आणि बूड खाली, म्हणजे गुडघे जास्त दुमडतात, पाऊण तासात पाय अवघडला. मधे खळगा झाल्यामुळं ब्रेक मारला की टाकीवर घसरायचं ते आणि वेगळं.

खरी गंमत पुढं आहे. स्प्लेंडरची सीट कागदावर ७८५ मिमी, क्लासिकची ८०५. फरक २० मिमीचा, म्हणजे इंचभर पण नाही. मग स्प्लेंडरवर आपण राजासारखं आणि क्लासिकवर बॅले डान्सर का? तर स्प्लेंडरची सीट पुढं अरुंद आहे, पाय सरळ खाली जातो. क्लासिकची गादी रुंद, मांड्या फाकतात आणि त्या फाकण्यातच तुझी उंची जाते. (वजनाचं म्हणशील तर स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, बोटावर पण सावरते.) म्हणून सीटवाल्याला सांग, उंची राहू दे, पुढच्या बाजूला मांडी जिथं घासते तिथं दोन्हीकडून तासून दे. वरून फार तर अर्धा इंच, आणि त्या जागी चांगला घट्ट रीबॉन्ड फोम, तो लवकर दबत नाही. आणि हे ओरिजिनल सीटवर करू नको. जुनी एखादी सीट बघ, तिच्यावर प्रयोग कर, बाबांची तशीच माळ्यावर ठेव.

उद्यमनगर_सी_पाना
वरच्या दादाचं बरोबर आहे पण त्याच्या आधी फुकटचं काम करा की. मागच्या शॉकअपला प्रीलोड असतो, म्हणजे स्प्रिंग किती दाबून घट्ट ठेवायची ते, ६ स्टेप. ताई तुम्ही ४८ किलोच्या, बाबा किती? ८० असतील तर त्यांच्या हिशोबानं किंवा डबलसीटच्या हिशोबानं वर चढवून ठेवलेला असणार. म्हणजे तुम्ही बसला तरी गाडी दबतच नाही. टूलकिटमधला सी-पाना घ्या, दोन्ही बाजू सगळ्यात सॉफ्टवर आणा, दोन्ही सारख्याच, एक तीनवर एक एकवर असली गाडी माझ्याकडं आठवड्याला एक तरी येते. लई फरक नाही पडणार, अर्धा पाऊण सेंटिमीटर धरा, पण तेवढ्यात बोटाच्या जागी चवडा लागतो. डबलसीट जायच्या आधी परत चढवायचं, नाहीतर स्पीड ब्रेकरला बुड आपटेल.

आणि कुणी म्हणालं मागचे शॉकअप छोटे घाल तर पळून या तिथनं. नुसती मागची बाजू उतरली की हेडलाईट आभाळात जातो, समोरच्याच्या डोळ्यात, हँडल जड लागतं आणि साईड स्टँड लांब पडतो. गाडी स्टँडवर सरळ उभी राहते आणि वारा आला की उजवीकडं झोपते. मग स्टँड कापा, मग अजून काय तरी कापा. एका फोमपायी अख्खी गाडी कापायची व्हय?

विषय_हार्ड
मग हिमालयन ४५० ला तर कंपनीच कमी उंचीची सीट देते की, ८२५ ची ८०५ होते

गगनबावडा_रिटर्न
म्हणजे कमी करून पण क्लासिकएवढीच की रे मर्दा 😂

ताराराणी_चौकवाली
मी ५ फूट, मीटिअर चालवते. ७६५ मिमी आहे तरी सुरुवातीला दोनदा पाडली, म्हणजे नुसत्या उंचीचं नाही ते. दोन्ही पाय टेकायचा नाद सोड. एकच पाय टाकायचा, डावा, पण पूर्ण, टाचेसकट. त्यासाठी थांबताना बूड सीटवरून थोडं डावीकडं सरकवायचं आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा. चढाला पण हेच, गाडी मागं येत नाही. पुढचा ब्रेक धरून हँडल वळलेलं असताना थांबलीस तर गाडी जाणारच, शेवटचे दोन फूट हँडल सरळ पाहिजे.

अजून एक, आपल्याकडं रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता. म्हणजे अगदी डाव्या कडेला थांबलीस तर तुझा डावा पाय नेमका खोल जागी पडतो, गंगावेशीत तेच झालं असणार. पाय कुठं टाकणार ते थांबायच्या आधी बघायचं, गाडी थांबल्यावर नाही. ऊसाच्या सीझनला ट्रॉलीच्या मागं अडकलीस की तर जास्तच, कडेला पाला पडलेला असतो, त्याच्यावर पाय सटकतो.

पार्किंगला तोंड उताराकडं करून कधीच लावायची नाही. बसून मागं ढकलायला आपले पाय पुरत नाहीत, उतरून डाव्या बाजूनं कंबर सीटला टेकवून ढकलायची. महाद्वार रोडला मी हे शिकले, दहा माणसं बघत असताना. लाज एकदाच वाटते.

आणि पायात काय घालतेस?

पाच_फूट_एक
पायताण 🙈

ताराराणी_चौकवाली
बाई गं! कातड्याचा गुळगुळीत तळ, पावसात भिजलेला, आणि १९५ किलोची गाडी. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घे, तळ जाड आणि खाचांचा. तिथंच तुला दोन-अडीच सेंटिमीटर मिळतील, सीटला हात न लावता.

पाच_फूट_एक
रविवारी बसलो. प्रीलोड चारवर होता, दोन्हीकडं एकवर आणला. सी-पाना फिरवताना बाबा खुर्ची टाकून बघत बसलेले, "काय बिघडवालीस" दर दोन मिनिटाला. बूट दादाचे जुने घातले, आत दोन मोजे. चवडा लागतोय आता, टाच नाही. मग रंकाळ्याच्या कडेला मोकळ्या रस्त्यावर एका पायाची प्रॅक्टिस केली, वीस-पंचवीस वेळा थांबलो असेन, भेळवाला विचारायला लागला गाडी बंद पडतीय का.

सीट अजून कापली नाही. जुनी सीट शोधतोय, मिळाली की फक्त बाजूनं तासून घेणार. उद्यमनगरवाले दादा, ट्रायलला सीटवाल्याकडं येता काय जरा, मी एकटी गेलो तर तो परत २ इंचावरच येणार.

उद्यमनगर_सी_पाना
येतो की. जुनं सीट मिळालं की टाका इथं. आणि येताना तेच बूट घालून या, पायताणावर माप घेतलं तर सगळं चुकणार.